फ्युचर्ससाठी स्वस्त ऑनलाइन ब्रोकर निवडताना : वीस रुपयांच्या पलीकडचा हिशोब

इब्रामपूर (ता. पेडणे) : पेडणे तालुक्याच्या टोकाला, दोडामार्गला लागून असलेल्या इब्रामपूरसारख्या गावात शेअर दलालाचे ऑफिस नाही, आणि आता त्याची गरजही उरलेली नाही. आधार, पॅन आणि बँक खाते असले की मोबाईलवर एक-दोन दिवसांत ट्रेडिंग खाते उघडते. काजूच्या मोसमात हातात आलेले पैसे, मोपा विमानतळावरच्या किंवा हॉटेलातल्या नोकरीतून साठवलेली रक्कम, कधी घरच्यांची मोडलेली मुदत ठेव थेट फ्युचर्समध्ये लावणारे तरुण सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सगळ्यात स्वस्त ब्रोकर कुठला?

प्रश्न चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. फ्युचर्सच्या एकूण खर्चात दलाली हा आता लहान भाग झाला आहे. स्वस्त ब्रोकर निवडताना बाकी काय बघायचे आणि खरा पैसा कुठे जातो, याचा हा हिशोब.

फ्युचर्स म्हणजे काय घेतो?

फ्युचर्स म्हणजे ठरलेल्या तारखेला, आज ठरलेल्या भावाने घेण्याचा किंवा विकण्याचा करार. मराठीत याला वायदा म्हणतात. हा करार सुटा मिळत नाही, लॉटमध्ये मिळतो. निफ्टीचा लॉट २०२५ मध्ये ७५ चा होता. निफ्टी २५,००० वर असेल तर एका लॉटची किंमत १८ लाख ७५ हजार रुपये होते. सेबीने नोव्हेंबर २०२४ पासून निर्देशांकाच्या नव्या करारांची किमान किंमत १५ लाख रुपये केली आहे.

एवढी रक्कम भरावी लागत नाही. मार्जिन म्हणून साधारण १२ ते १३ टक्के, म्हणजे सव्वादोन ते अडीच लाख रुपये ठेवावे लागतात. गंमत आणि धोका दोन्ही इथेच आहे. पैसे अडीच लाखांचे, पण नफा-तोटा पावणेएकोणीस लाखांवर. निफ्टी एक टक्का, म्हणजे २५० अंक खाली आला तर एका लॉटवर त्याच दिवशी १८,७५० रुपये खात्यातून जातात. हा तोटा रोजच्या रोज रोखीत वळता होतो. ‘शेअर आहेत, दोन वर्षे ठेवू’ ही सोय इथे नाही.

दलालीचे दोन प्रकार

जुन्या पद्धतीच्या पूर्ण सेवा देणाऱ्या ब्रोकरकडे दलाली उलाढालीच्या टक्केवारीवर असते. २०१० मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या झिरोधाने प्रत्येक व्यवहाराला ठरावीक रक्कम घेण्याची पद्धत भारतात रुजवली. आज बहुतेक डिस्काउंट ब्रोकर फ्युचर्सच्या प्रत्येक आदेशाला २० रुपये किंवा त्याच्या आसपास घेतात. काही जण त्याहून कमी घेतात.

यात बारीक अक्षरात लिहिलेले एक वाक्य नीट वाचावे. काहींकडे दर ‘२० रुपये किंवा ०.०३ टक्के, जे कमी असेल ते’ असा असतो, काहींकडे सरसकट २० रुपये. निफ्टीच्या लॉटला फरक पडत नाही. पण एमसीएक्सवरचा एक ग्रॅम सोन्याचा ‘गोल्ड पेटल’सारखा छोटा करार घेणाऱ्याला मोठा फरक पडतो. करार दहा हजारांचा असेल तर पहिल्याकडे ३ रुपये लागतात, दुसऱ्याकडे २०. दिवसभर काम करून रात्री एमसीएक्सवर छोटे व्यवहार करणाऱ्यांनी हे आधी तपासावे.

एका लॉटचा पूर्ण हिशोब

निफ्टीचा एक लॉट २५,००० ला घेतला आणि त्याच भावाला विकला असे धरू. नफा शून्य, तोटा शून्य. २०२५-२६ या आर्थिक वर्षातील दरांनी खर्च असा येतो :

- दलाली, दोन आदेशांचे प्रत्येकी २० रुपये : ४० रुपये
- सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स (एसटीटी), विक्रीवर ०.०२ टक्के : ३७५ रुपये
- एनएसईचे व्यवहार शुल्क, लाखाला साधारण पावणेदोन रुपये, दोन्ही बाजूंना : सुमारे ६५ रुपये
- मुद्रांक शुल्क, खरेदीवर ०.००२ टक्के : ३७ रुपये ५० पैसे
- सेबीचे शुल्क, कोटीला १० रुपये : सुमारे ४ रुपये
- दलाली, एनएसई आणि सेबी शुल्कावर १८ टक्के जीएसटी : सुमारे १९ रुपये ५० पैसे

एकूण सुमारे ५४१ रुपये. त्यात ब्रोकरचे फक्त ४०. बाकीचे सरकार, एक्स्चेंज आणि सेबीचे, ते कुठल्याही ब्रोकरकडे गेलात तरी तेवढेच. ऑक्टोबर २०२४ पासून एक्स्चेंजचे शुल्कही सगळ्या ब्रोकरना एकाच दराने लागते. आधी मोठ्या ब्रोकरना सवलत मिळायची, ग्राहकाकडून मात्र पूर्ण दर घेतला जाई. सेबीने ती पद्धत बंद केली.

आता तुलना करू. ०.०३ टक्के दलाली घेणाऱ्या ब्रोकरकडे, वरची मर्यादा नसेल तर, याच व्यवहाराची दलाली १,१२५ रुपये होते आणि एकूण खर्च १,८२० रुपयांच्या घरात जातो. म्हणजे टक्केवारीवाल्याकडून ठरावीक दरवाल्याकडे येण्यात मोठी बचत आहे, ती करावीच.

पण २० रुपयांवाल्याकडून ५ रुपयांवाल्याकडे गेलात तर? बचत ३० रुपये, जीएसटी धरून ३५ रुपये ४० पैसे. निफ्टी एक अंक हलला की लॉटमागे ७५ रुपये होतात. सगळी घासाघीस करून वाचतो तो अर्धा अंकसुद्धा नाही. तेवढा भाव तर विकण्याचे बटन दाबेपर्यंत सरकतो.

ऑप्शन्सचा हिशोब वेगळा. तिथे तीन हजारांचा प्रीमियम घेऊन विकला तरी ४० रुपये दलाली, म्हणजे सव्वा टक्क्याहून जास्त. छोट्या रकमेचे ऑप्शन्स वारंवार घेणाऱ्याला दलालीचा दर खरोखर जाणवतो.

एसटीटीचा दर अर्थसंकल्पात बदलतो. फ्युचर्सचा दर १ ऑक्टोबर २०२४ ला ०.०१२५ वरून ०.०२ टक्के झाला. लॉटचा आकारही एक्स्चेंज बदलत असते. त्यामुळे वरचा हिशोब पद्धत म्हणून वापरावा आणि आकडे ब्रोकरच्या कॅल्क्युलेटरवर टाकून त्या दिवसाचे घ्यावेत.

किती वेळा, हा खरा खर्च

वर्षात बाजार साधारण २५० दिवस चालतो. एक लॉट रोज दोनदा घेऊन विकणाऱ्याचे ५०० व्यवहार होतात. ५४१ रुपयांनी हा खर्च २ लाख ७० हजार होतो. मार्जिनला लावलेली पूर्ण रक्कम एका वर्षात नुसत्या खर्चातच संपली. ५ रुपयांवाल्या ब्रोकरकडे हाच खर्च सुमारे २ लाख ५३ हजार. वाचलेले १७,७०० रुपये कमी नाहीत, पण दिवसाला दोनऐवजी एकच व्यवहार केला असता तर १ लाख ३५ हजार वाचले असते. दलाली स्वस्त झाली की बटन दाबायला हात सैल होतो, आणि वाचवलेले तिथेच निघून जाते.

सेबीचे आकडे हेच सांगतात. सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये. व्यवहारखर्चापोटी या लोकांनी तीन वर्षांत सुमारे ५० हजार कोटी रुपये मोजले, त्यातले ५१ टक्के दलालीचे. बहुतेकांचा ओढा ऑप्शन्सकडे असल्याने दलालीचा वाटा तिथे एवढा मोठा दिसतो. यात ७५ टक्क्यांहून अधिक जणांचे सांगितलेले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत होते, आणि ७२ टक्के लोक मोठ्या ३० शहरांच्या बाहेरचे, म्हणजे आपल्यासारख्या भागांतले होते. जुलै २०२५ च्या पुढच्या अभ्यासात २०२४-२५ चे चित्र आले : ९१ टक्के तोट्यात आणि निव्वळ तोटा १ लाख ५ हजार ६०३ कोटी रुपये.

दरपत्रकात खाली दडलेले खर्च

दलालीच्या जाहिरातीत न दिसणारे खर्च दरपत्रकाच्या शेवटी असतात. खाते उघडण्याआधी हे विचारावेत :

- डिमॅट खात्याचे वार्षिक शुल्क. चार लाखांपर्यंतचे शेअर असतील आणि खाते ‘बेसिक सर्व्हिसेस’ प्रकारचे असेल तर वार्षिक शुल्क लागत नाही.
- फोनवरून आदेश दिल्यास किंवा ब्रोकरने स्वतः सौदा बंद केल्यास लागणारे शुल्क. अनेकांकडे ते आदेशामागे ५० रुपये अधिक जीएसटी असते.
- मार्जिन कमी पडल्यास व्याज. काहींकडे दिवसाला ०.०५ टक्के, म्हणजे वर्षाला १८ टक्क्यांच्या वर.
- शेअर तारण ठेवण्याचे शुल्क.
- नेट बँकिंगने पैसे भरल्यास शुल्क. यूपीआयने बहुतेक ठिकाणी ते लागत नाही.

मार्जिनच्या बाबतीत एक गोष्ट लोक विसरतात. शेअर तारण ठेवून मार्जिन मिळते, पण सौदा रात्रीपलीकडे ठेवायचा तर निम्मे मार्जिन रोख किंवा रोखीसमान लागते. ते नसेल तर ब्रोकर फरकावर व्याज लावतो. ‘आम्ही पाचपट, दहापट लिमिट देतो’ असे फ्युचर्सबाबत कोणी सांगत असेल तर सावध व्हा. सप्टेंबर २०२१ पासून दिवसातल्या सौद्यालाही पूर्ण मार्जिन बंधनकारक आहे.

शेअरच्या फ्युचर्सला आणखी एक अट आहे. मुदत संपेपर्यंत सौदा उघडा राहिला तर रोखीत मिटत नाही, प्रत्यक्ष शेअर घ्यावे किंवा द्यावे लागतात. दीड लाखाच्या मार्जिनवर सौदा केलेल्याला आठ-दहा लाखांचे शेअर उचलण्याची पाळी येऊ शकते. मुदतीच्या आठवड्यात ब्रोकर मार्जिन कधीपासून वाढवतो आणि सौदा स्वतः कधी बंद करतो, हे लेखी विचारून घ्यावे.

पैसे सुरक्षित आहेत का?

नोव्हेंबर २०१९ मध्ये सेबीने हैदराबादच्या कार्वी स्टॉक ब्रोकिंगला नवे ग्राहक घेण्यास बंदी केली. ग्राहकांचे शेअर तारण ठेवून कंपनीने पैसे उचलल्याचे उघड झाले होते. कार्वी छोटी कंपनी नव्हती. देशभर शाखा असलेले जुने नाव होते. त्यामुळे नाव मोठे म्हणजे पैसे सुरक्षित, असे धरून चालत नाही.

त्यानंतर नियम कडक झाले. तारण ठेवलेले शेअर आता ग्राहकाच्याच डिमॅट खात्यात राहतात आणि ओटीपीशिवाय तारण होत नाही. न वापरलेले पैसे ब्रोकरने महिन्याला किंवा तीन महिन्यांनी बँक खात्यात परत पाठवायचे असतात. ग्राहकाने मात्र एवढे करावे : ब्रोकरचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर ताडून पाहावा (तो ‘आयएनझेड’ या अक्षरांनी सुरू होतो), एक्स्चेंज आणि डिपॉझिटरीकडून येणारे मेसेज वाचावेत, आणि प्रत्येक व्यवहारानंतर ई-मेलवर येणारी कॉन्ट्रॅक्ट नोट उघडून खर्च जुळवावा. ब्रोकरने आपल्याविरुद्धच्या तक्रारींची संख्या संकेतस्थळावर दर महिन्याला देणे बंधनकारक आहे, तीही बघावी.

म्हापसा, डिचोली, सावंतवाडी, बेळगावसारख्या ठिकाणी ब्रोकरचे अधिकृत प्रतिनिधी असतात. समोरासमोर बोलता येते हा त्यांचा फायदा. पण प्रतिनिधीला स्वतःच्या नावावर पैसे घेता येत नाहीत, आणि ब्रोकरही रोख रक्कम घेऊ शकत नाही. ‘पासवर्ड द्या, तुमचे खाते आम्ही चालवतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहावे, तो ओळखीचा असला तरी.

पावसात रेंज गेली तर?

पावसाळ्यात वीज आणि रेंज जाणे या डोंगरपट्ट्यात नवीन नाही. फ्युचर्सचा सौदा उघडा असताना तसे झाले तर काय, याचे उत्तर आधीच हवे. २४ फेब्रुवारी २०२१ ला तर खुद्द एनएसईच सकाळी ११.४० ला बंद पडले आणि दुपारी ३.४५ ला परत सुरू झाले. मोठ्या हालचालीच्या दिवशी ब्रोकरची अ‍ॅपही अडकतात.

म्हणून ब्रोकरकडे फोनवर आदेश घेण्याची सोय आहे का, तो नंबर खरोखर उचलला जातो का, मराठीत किंवा निदान हिंदीत बोलणारा माणूस मिळतो का, हे खाते उघडण्याआधी फोन करून बघावे. सौदा करतानाच स्टॉप लॉस आदेश टाकावा. तो एक्स्चेंजकडे गेलेला असला की आपला फोन बंद पडला तरी त्या दिवसापुरता उभा राहतो. दुसऱ्या कंपनीचे सिम जवळ ठेवावे.

४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालादिवशी, निफ्टी १,३७९ अंकांनी पडला. ७५ च्या लॉटवर हा एका दिवसाचा तोटा १ लाख ३ हजार रुपये होतो. अशा दिवशी फोन न उचलणारा ब्रोकर पाच रुपयांत मिळाला तरी महाग पडतो.

सीमेवरच्यांसाठी तीन गोष्टी

पहिली, मुद्रांक शुल्क. १ जुलै २०२० पासून ते देशभर एकाच दराने लागते आणि खरेदीदार राहतो त्या राज्याला जाते. इब्रामपूरच्या ग्राहकाचे गोव्याला, दोडामार्गच्या ग्राहकाचे महाराष्ट्राला, खानापूरच्या ग्राहकाचे कर्नाटकाला. दर मात्र सारखाच. त्यामुळे ‘पलीकडच्या पत्त्यावर खाते काढा, शुल्क कमी लागते’ या सांगण्यात तथ्य नाही.

दुसरी, पत्ता. घर एका राज्यात आणि नोकरी दुसऱ्या राज्यात असे इथे सर्रास असते. आधारवरचा, बँकेतला आणि ट्रेडिंग खात्यातला पत्ता, नाव आणि मोबाईल नंबर जुळत नसेल तर केवायसी अडकते आणि पैसे काढताना त्रास होतो. आधी ते दुरुस्त करून घ्यावे. फ्युचर्सची सोय चालू करायला उत्पन्नाचा पुरावाही लागतो : सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट, पगारपत्रक किंवा आयकर विवरणपत्र.

तिसरी आणि महत्त्वाची, आयकर. फ्युचर्सचा नफा-तोटा हा धंद्याचे उत्पन्न धरला जातो, त्यामुळे पगारदारालाही आयटीआर-३ भरावा लागतो. तोटा पगारातून वजा होत नाही. व्याज, भाडे अशा इतर उत्पन्नातून त्याच वर्षी वजा होतो आणि उरलेला आठ वर्षे पुढे ओढता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरले तरच. तोटाच झाला, मग भरायचे कशाला, असे म्हणणारे हा हक्क घालवून बसतात.

गोव्यात यात आणखी एक गाठ आहे. पोर्तुगीज नागरी कायद्याची समाईक मालमत्तेची पद्धत लागू असलेल्या पती-पत्नींचे पगार सोडून बाकीचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे विभागले जाते. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ५ए मध्ये ही तरतूद आली. म्हणजे इब्रामपूरच्या नवऱ्याने केलेल्या फ्युचर्सच्या धंद्याचा निम्मा हिस्सा बायकोच्या विवरणपत्रातही दाखवावा लागतो, आणि तिला साधा आयटीआर-१ चालत नाही. दोडामार्गच्या जोडप्याला हा नियम नाही. घरात न सांगता फ्युचर्स करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. सीए गोव्याचे काम माहीत असलेलाच धरावा.

सगळ्यात स्वस्त तोच सगळ्यात धोक्याचा

एसटीटी नाही, जीएसटी नाही, मार्जिन नावापुरते, हिशोब आठवड्याला रोखीत. असे कोणी सांगत असेल तर तो ब्रोकर नव्हे, डब्बा ट्रेडिंग आहे. सौदा एक्स्चेंजवर जातच नाही. आपण जिंकलो तर पैसे देणारा कोणी नसतो आणि तक्रार करायला जागा नसते. कायद्याने हा गुन्हा आहे. दहा वर्षांपर्यंत कैद किंवा २५ कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. टेलिग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक देऊन उतरवून घ्यायला लावलेली अ‍ॅपही याच माळेतली. तिथे नफा स्क्रीनवर दिसतो, काढायला गेले की ‘आधी टॅक्स भरा’ असे सांगतात. ब्रोकरला पैसे पाठवताना १ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालेला ‘@’ नंतर ‘व्हॅलिड’ शब्द असलेला यूपीआय पत्ता आहे का, ते बघावे.

फसवणूक झाली तर लगेच १९३० या नंबरवर कळवावे. ब्रोकरने तक्रार ऐकली नाही तर सेबीच्या ‘स्कोअर्स’ पोर्टलवर नोंदवावी. २१ दिवसांत उत्तर अपेक्षित असते. तिथेही निकाल पटला नाही तर ‘स्मार्ट ओडीआर’वर ऑनलाइन तडजोड आणि लवाद होतो. यासाठी पणजी, मुंबई किंवा बंगळुरू गाठावे लागत नाही, आणि ग्राहक कुठल्या राज्यातला यावर काही अडत नाही.

खाते उघडण्याआधी

१. टक्केवारीची दलाली टाळा. ठरावीक दरात ‘जे कमी असेल ते’ हे शब्द आहेत का बघा.
२. सेबीचा नोंदणी क्रमांक आणि तक्रारींची संख्या तपासा.
३. दरपत्रक शेवटपर्यंत वाचा. व्याज आणि सौदा बंद करण्याचे शुल्क लिहून ठेवा.
४. ग्राहक सेवेला बाजाराच्या वेळेत फोन लावून बघा.
५. मुदतीच्या आठवड्याचे नियम लेखी घ्या.
६. महिनाभर सौदे फक्त वहीत लिहा आणि प्रत्येकातून पूर्ण खर्च वजा करा.

सहावी पायरी फुकट आहे, तिला ब्रोकर लागत नाही. महिन्याच्या शेवटी वहीतला आकडा तोट्याचा आला तर वाचलेले पैसे घरातच राहतात. नफ्याचा आला तरी तो एका महिन्याचा आहे, हे विसरू नये. मुदत ठेव मोडून किंवा दागिने ठेवून आणलेल्या पैशाने हा सौदा करू नये, मग दलाली वीस रुपये असो की शून्य.